ठिगळ, दिवाण आणि सुतळीचा खांब

मांजर असलेल्या घरांचे दोन प्रकार असतात. एक, जिथे सोफ्याच्या हातांवर कायम जुना टॉवेल टाकलेला असतो. आणि दुसरा, जिथे आता टॉवेल टाकूनही काही उपयोग उरलेला नाही. तुमच्याकडे मांजर असेल तर तुमचं घर यातलं कुठलं हे तुम्हाला लगेच कळलं असेल, आणि नसेल तर हा लेख चहाबरोबर वाचायला हरकत नाही. :)

आमचं सोलापूरचं घर २०२४ च्या पावसाळ्यात पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकाराकडे निघालं होतं. मी नोकरीला पुण्यात. महिन्यातले दोन आठवडे घरून काम करायची मुभा आहे, म्हणून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून सोलापूर गाठतो आणि माडीवरच्या खोलीतून लॉगिन करतो. घरी आई, बाबा आणि आज्जी. आई-बाबा दोघंही दुपारी बाहेर असतात, त्यामुळे अकरा ते पाच घरात आज्जी एकटीच. म्हणजे एकटी होती. २०२३ च्या पावसात मागच्या मोरीपाशी एक ओलं पिल्लू ओरडताना सापडलं आणि आज्जीने ते पदरात गुंडाळून आत आणलं. पांढऱ्यावर काळे आणि केशरी तुकडे. आज्जीने बघताक्षणी नाव ठेवलं, ठिगळ.

(जाता जाता: असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. केशरी की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग एकाच अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात. त्यामुळे "बोका का मांजर" हा वाद आमच्याकडे पहिल्याच दिवशी मिटला.)

आता दिवाणाबद्दल. बाहेरच्या खोलीत सागवानी दिवाण आहे आणि त्यावर एक सोलापुरी चादर. सोलापूरच्या घरात चादर असणं यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण ही चादर माझ्या आजोबांच्या हातची. आजोबा इथल्याच एका चादरीच्या कारखान्यात जकार्डवर होते. ज्यांना जकार्ड म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागावर उभे धागे ताणून लावलेले असतात आणि आडवा धागा त्यातून जातो. प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कुठले उभे धागे वर उचलायचे यावर नक्षी ठरते. ते ठरवण्यासाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती एकामागे एक साखळीसारखी ओवायची. भोक आहे तर धागा वर, नाही तर खाली. १८०४ च्या सुमाराला जोसेफ मारी जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने हे यंत्र रूढ केलं आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणन-यंत्रासाठी याच कार्डांची कल्पना उचलली. म्हणजे आमच्या घरातला पहिला प्रोग्रॅमर मी नाही, आजोबा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हे मला कळलं तेव्हा मी फोन करून त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग पगार एवढा फरक कसा रे?"

सोलापुरी चादरीला २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जाड सुताची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, धुऊन धुऊन मऊ होणारी आणि तरी वर्षानुवर्षं न फाटणारी. आजोबा २०१९ मध्ये गेले. दिवाणावरची चादर त्यांनी कारखान्यातल्या शेवटच्या वर्षी काढलेली. निळ्यावर पांढरे मोर.

आणि ठिगळला सगळ्या घरात नख मारायला एकच जागा आवडली. त्या दिवाणाचा दाराकडचा कोपरा.

पहिले काही महिने पिल्लाचे लाड म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग एके दिवशी चादरीच्या काठाचे धागे बाहेर लोंबायला लागले. मग एका मोराची मान गेली. आषाढातल्या एका रविवारी बाबांनी तो कोपरा हातात घेऊन नीट पाहिला आणि काही न बोलता चहा संपवला. आमच्या बाबांचं काही न बोलणं हे बोलण्यापेक्षा जास्त गंभीर असतं. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला.

"पुढच्या महिन्यात पोत्यात घालायचं आणि मार्केट यार्डात सोडून यायचं. तिथं उंदीर बक्कळ हैत. उपाशी मरत नाही ते."

हे "पोत्यात घालून सोडून येणं" आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात काही गैर आहे असं कोणाला वाटतच नाही. बाबा काही दुष्ट माणूस नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्याला रोज भाकरी घालतात. पण घरात वाढलेलं मांजर मार्केट यार्डात सोडलं तर तिथे आधीपासून हद्द राखून बसलेले बोके त्याला टिकू देत नाहीत, आणि ट्रकच्या चाकांमधून कसं पळायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. शिवाय भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मी हे बाबांना सांगितलं. कायद्याचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. आज्जीने सांगितलेल्या कायद्याचा थोडा झाला. "मांजराचं वाईट केलं तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतंय," ती म्हणाली. "आणि ते सटवाईचं वाहन. तुझ्या पाचवीला पूजलीय मी तिला." सोन्याचे भाव बघता बाबा विचारात पडले. :)

पण खरं सांगायचं तर ती आज्जी काय बोलली यापेक्षा, ते बोलताना तिचा हात कुठे होता हे मला जास्त दिसलं. एक हात मांडीवरच्या ठिगळच्या पाठीवर आणि दुसरा त्या उसवलेल्या मोरावर. चादर तिच्या नवऱ्याची. दुपारची सोबत ठिगळची. या दोनमधलं एक निवड असं ब्याऐंशीव्या वर्षी तिला सांगणं मला काही पटेना. बाबांकडून महिन्याची मुदत मिळाली होती. प्रोजेक्टला डेडलाईन मिळाली की आम्हा लोकांना कामाचा हुरूप येतो, त्याप्रमाणे मी कामाला लागलो.

उपाय सुचवणारे बरेच होते. आईचा उपाय म्हणजे झाडांवर पाणी मारायचा स्प्रे. मांजर नख मारताना दिसलं की फवारा. याचा परिणाम दोन दिवसांत दिसला. ठिगळ आई घरात असताना दिवाणाला हात लावत नसे, आणि आई बाहेर पडली की निवांत कार्यक्रम सुरू. ओरडण्याचं, चप्पल आपटण्याचंही तेच. मांजराला "नख मारलं म्हणून शिक्षा" असा हिशोब लागत नाही. त्याला एवढंच कळतं की ही बाई जवळ असली की पाणी पडतं. मग ते त्या बाईला टाळायला शिकतं. दिवाण टाळायला नाही.

दुसरा उपाय अमेरिकेतल्या मावसभावाकडून फोनवर आला. "तिकडे नखं काढून टाकतात, ऑपरेशन असतं एक." त्याने हे अगदी केस कापल्यासारखं सांगितलं. मी वाचून पाहिलं. मांजराचं नख आपल्या नखासारखं कातडीतून उगवत नाही, ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. म्हणून "नखं काढणं" म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर हाडासकट छाटणं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा पेरं. आपल्या हाताची सगळी बोटं शेवटच्या सांध्यापाशी कापली तर जे होईल ते. मांजर बोटांवर चालतं, त्यामुळे पुढे चाल बिघडते, दुखणं राहतं, कित्येकदा मातीच्या ट्रेमध्ये पाय ठेवणंही दुखतं म्हणून ते घरभर घाण करतं. ब्रिटनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत यावर बंदी आहे आणि २०१९ साली न्यूयॉर्क हे अशी बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. मी आज्जीला हे सगळं समजावलं. तिने फक्त स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याला सांग, तुझ्याकडची थंडी तुलाच लखलाभ."

तर आता उरला सरळ मार्ग. मांजर नख का मारतं हे आधी बघायचं आणि मग तेच काम दुसरीकडे करायला लावायचं. आमच्या धंद्यात एक जुनं वाक्य आहे की हा बग नाही, फीचर आहे. मांजराच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

फीचर क्रमांक एक, नखाची निगा. मांजराचं नख कांद्यासारखं थरांनी बनतं. वरचा जुना, बोथट थर निघून गेला की खालचा नवा टोकदार थर वर येतो. खरखरीत गोष्टीत नख अडकवून ओढलं की ती जुनी साल सुटते. दिवाणाखाली झाडताना आज्जीला चंद्रकोरीसारखे पोकळ तुकडे सापडत. नख तुटलं म्हणून ती घाबरली होती, त्या या साली.

दोन, व्यायाम. झोपेतून उठल्यावर मांजर पुढचे पाय उंच रोवून अंग ताणतं. खांदे, पाठ, पंजाचे स्नायू, सगळे एका झटक्यात मोकळे. त्याला रोवायला काहीतरी न हलणारं लागतं.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, सही. मांजराच्या पंजात, गाद्यांमध्ये आणि बोटांच्या मध्ये वासाच्या ग्रंथी असतात. नख ओढताना तो वास तिथे उतरतो. वर ओरखडे दिसतात, खाली वास राहतो. अर्थ असा की "मी इथे राहते." वास उडत जातो, म्हणून सही पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि त्याच जागी करावी लागते. म्हणूनच मांजर एकदा धरलेला कोपरा सोडत नाही. आणि ही सही घराच्या कानाकोपऱ्यात लपवून करत नाहीत. जाण्यायेण्याच्या वाटेवर करतात, सगळ्यांना कळेल अशी. दाराकडचा कोपरा ठिगळने का निवडला हे मला इथे कळलं. सोलापुरी चादरीच्या कोपऱ्यातही कारखान्याचं नाव विणलेलं असतं. तिने बरोबर त्याच्या बाजूला आपलं नाव घातलं होतं.

एवढं वाचन झाल्यावर मोजमाप हवं होतं. कुठलीही गोष्ट सुधारली की नाही हे मोजल्याशिवाय कसं सांगणार? मी आज्जीला वही-पेन देऊ केलं. तिचे डोळे अधू, तिने नाही म्हटलं. मग तिनेच युक्ती काढली. दिवाणाशेजारी दोन वाट्या आणि एक मूठ ज्वारी. ठिगळने दिवाणाला नख मारलं की एक दाणा स्टीलच्या वाटीत, दुसरीकडे कुठे मारलं की पितळेच्या वाटीत. संध्याकाळी मी दाणे मोजून लॅपटॉपवर आकडा लिहायचा आणि दाणे चिमण्यांना. इतकी खात्रीशीर माहिती मला ऑफिसात कधी मिळालेली नाही.

पहिल्या आठवड्याचे आकडे: स्टील ४३, पितळ ४. दाण्यांबरोबर आज्जीची निरीक्षणंही मिळत. "झोपून उठली की मारतीया." "दूधवाला आला की मारतीया." "तू जिन्यावरनं खाली आलास की हमखास." म्हणजे झोपेनंतर आणि कोणी आल्याच्या आनंदात. दोन्ही पुस्तकात लिहिलेलं तेच. पण माझ्यासाठी पुस्तकापेक्षा आज्जीचा डेटा पक्का.

मग मी एक तयार खांब ऑनलाईन मागवला. आला तो दीड फुटाचा, खाली पातळ फळी. ठिगळने हुंगला, एकदा पंजा लावला, तो डुगडुगला, आणि तिने त्याच्याकडे कायमची पाठ फिरवली. ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो आला त्या खोक्यावर मात्र तासभर नखं मारली. बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "खोकं किती रुपयाला पडलं?"

तरी त्यातून नेमकी काय गरज आहे ते कळलं. खांब इतका उंच हवा की मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल, म्हणजे मोठ्या मांजराला साधारण तीन फूट. अजिबात हलता कामा नये. पृष्ठभाग खरखरीत हवा. आणि जागा तीच, जिथे ते आत्ता नखं मारतंय. घरातला कोपरा मोकळा आहे म्हणून खांब तिकडे ठेवला तर तो शोभेचाच राहतो.

लाकडाचा प्रश्न शेजारच्या अण्णांनी सोडवला. अण्णा पद्मशाली, मूळ घराणं तेलंगणातलं, पण सोलापुरात तीन-चार पिढ्या गेलेल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि शिवी द्यायची तर दोन्ही. त्यांच्या वडिलांचा हातमाग कधीच मोडीत निघाला, पण त्याचे लाकडी भाग माळ्यावर होते. विणलेलं कापड ज्यावर गुंडाळत जातं तो गोल रूळ त्यांनी खाली काढला. चार इंच जाडीचा, दगडासारखा. मी विचारलं, "अण्णा, मांजराला देताय, चालेल ना?" ते म्हणाले, "वीस वर्षं झाली, त्याच्यावर कोणी हात ठेवला नाही. मांजर तर मांजर."

रुळाचा तीन फुटांचा तुकडा कापला. तळाला शहाबादी फरशीचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा, त्यावर जाड प्लायवूड, आणि प्लायवूडला खालून लांब स्क्रू मारून रूळ उभा केला. शहाबादी फरशी आपल्या भागात कुठेही मिळते आणि तिच्या वजनासमोर कुठलंही मांजर हरतं. मग मंगळवार पेठेतून तागाची जाड सुतळी आणली. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी हिशोब: चार इंच जाडीच्या रुळाचा घेर साडेबारा इंच, सुतळी पाव इंच जाड धरली तर तीन फुटांत १४४ वेढे, म्हणजे साधारण ४६ मीटर. ५० मीटर घ्या. सुतळीला कारखान्यात तेल लावलेलं असतं, त्याचा रॉकेलसारखा वास येतो. दोन दिवस गच्चीवर उन्हात पसरून ठेवली की वास बराच उतरतो. फेविकॉल फक्त सुरुवातीला आणि शेवटी, मध्ये नुसती घट्ट ओढून गुंडाळायची. गुंडाळायचं काम अण्णांनी माझ्या हातातून काढून घेतलं. प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला चिकटून, कुठे फट नाही. शेवटी म्हणाले, "सूत गुंडाळणं शिकायला इंजिनिअरिंग नाही, उपाशी राहावं लागतं."

खांब दिवाणाच्या त्याच कोपऱ्याला अगदी चिकटवून उभा केला. दिवाणाच्या कोपऱ्यावर रेक्झिनचा गुळगुळीत तुकडा ताणून बसवला. नख रुतत नाही, नुसतं घसरतं. मांजराला त्यात काही मजा नाही आणि इजाही नाही. काही लोक दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावतात, पंजाला चिकट लागलेलं मांजराला आवडत नाही, तोही चांगला उपाय. पण सोलापूरच्या धुळीत ती टेप दोन दिवसांत नुसती पट्टी होते.

आता तिला तिकडे वळवायचं कसं? परदेशात यासाठी कॅटनिप नावाची वनस्पती वापरतात. तीन मांजरांतल्या साधारण एकावर तिचा परिणाम होत नाही, आणि मुळात ती सोलापुरात कुठून आणायची? इथे अण्णांच्या घरची अक्का कामी आली. मोरीच्या कडेला, पावसाळ्यात कुंड्यांमध्ये एक तण उगवतं, आपल्याकडे त्याला खोकली किंवा कुप्पी म्हणतात. शास्त्रीय नाव अ‍ॅकॅलिफा इंडिका. अक्का म्हणाली, उपटताना याचं मूळ मांजरांना फार आवडतं, मागे लागतात. वाचून पाहिलं तर खरंच! तमिळमध्ये या झाडाला एक नाव "पूनैवणंगी" आहे, म्हणजे मांजर जिला नमस्कार करतं ती. मुळातली जी रसायनं मांजरांना खेचतात ती कॅटनिपमधल्या द्रव्याच्याच कुळातली निघाली. हजारो रुपयांचा तिकडचा माल आणि आपल्या मोरीत फुकट. अक्काने चार मुळं धुऊन दिली, ती ठेचून एका चिंधीत बांधली आणि चिंधी सुतळीत खोचली. (खायला द्यायची नाहीत, नुसता वास. ते औषधी झाड आहे, जपून वापरलेलं बरं.)

ठिगळ आली. हुंगलं. गाल घासला. जमिनीवर लोळली. मग उठून मागच्या पायांवर उभी राहिली आणि दोन्ही पंजे सुतळीत रोवून अशी काही ताणली की आज्जी "अगं बया!" म्हणाली. पितळेच्या वाटीत टण्ण करून दाणा पडला.

पुढचं सगळं काम आज्जीचं. तिच्याकडे मांजराच्या कोरड्या खाण्याचा डबा दिला होता. खांबाला नख मारलं की लगेच, दोन-तीन सेकंदांच्या आत, एक दाणा खाण्याचा. उशीर झाला तर मांजराला कळत नाही की बक्षीस कशाचं. दिवाणाकडे गेली तर ओरडायचं नाही, काही बोलायचं नाही, फक्त खांबावर आपणच बोटांनी खरखर करायची. तो आवाज ऐकून ती येते. तिचे पंजे धरून जबरदस्तीने खांबावर घासायचे नाहीत, हे मी आईला तीनदा सांगितलं. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची नुसती टोकं कापायची. मांजर झोपाळलेलं असताना पंजा हळूच दाबला की नख बाहेर येतं. आत गुलाबी भाग दिसतो तिथे रक्तवाहिनी असते, त्याच्या बरंच अलीकडे कापायचं. एका बैठकीत दोन-तीन नखं झाली तरी पुष्कळ. सगळी एकदम करायला आपण काही सलून उघडलेलं नाही.

दुसरा आठवडा: स्टील २२, पितळ २६. तिसरा: स्टील ९, पितळ ३९. मी पुण्याला असलो की रात्री आज्जीचा फोन यायचा. पूर्वी फोनवर ती "जेवलास का, झोप" एवढंच बोलायची. आता आकडे सांगायची. मग आकड्यांच्या मागची गोष्ट. "आज दुपारी पोस्टमन आला तर थेट खांबाकडंच गेली बघ." मग पोस्टमनची गोष्ट, मग आजोबांना कारखान्यात असताना आलेल्या पत्राची गोष्ट. पाच वर्षांत ती आजोबांबद्दल एवढं बोलली नव्हती. दुपारी मोजायला काहीतरी आहे आणि रात्री ऐकणारं कोणीतरी आहे, एवढंच हवं होतं बहुतेक.

मुदत संपायच्या रविवारी मी बाबांना तक्ता दाखवला. चौथा आठवडा: स्टील ३, पितळ ४१. त्यांनी चष्मा लावून पाहिला. म्हणाले, "तीन तरी का?" त्यावर मी काही बोलणार तोच आज्जी म्हणाली, "तू शाळेत शंभर पैकी शंभर आणत होतास व्हय?"

मग मी एक सुचवलं. आजोबांची चादर धुऊन, नेप्थलीनच्या गोळ्या घालून कपाटात ठेवू आणि दिवाणावर दुसरी टाकू. धोकाच नको. बाबांना पटलं. आज्जीला नाही.

"कपाटात ठेवायला विणली नव्हती त्यांनी," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षी घरी आणली तेव्हा मी ट्रंकेत ठेवली होती, लग्नकार्याला काढू म्हणून. दुसऱ्या दिवशी स्वतः काढून दिवाणावर टाकली. म्हणाले, चादर अंगाखाली असली पाहिजे, नाहीतर कसर खातीया. मांजर परवडलं, ते तोंडासमोर खातंय."

बाबा यावर बराच वेळ गप्प बसले. पण हे गप्प बसणं वेगळं होतं. मग उठून त्यांनी तो उसवलेला कोपरा पुन्हा हातात घेतला आणि अण्णांना हाक मारली. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून, सुई घेऊन लोंबणारे धागे एकेक करून मागे ओढून घेतले, गाठी आतल्या बाजूला घातल्या. मोराची मान काही परत आली नाही. तो मोर आता मान खाली घालून काहीतरी टिपतोय असा दिसतो. मला तरी तोच सगळ्यात खरा वाटतो.

रेक्झिन आम्ही एकदम काढलं नाही. दर आठवड्याला थोडं थोडं मागे सरकवत दीड महिन्याने पूर्ण काढलं. खांबही रोज दोन-चार इंच असा सरकवत दिवाणापासून हातभर लांब नेला, दार आणि दिवाण यांच्या मध्ये. त्याहून लांब नेला की स्टीलच्या वाटीतले दाणे वाढतात, तेव्हा तिथेच थांबलो. खोली थोडी अडचणीची झाली आहे. पाहुणे येतात आणि विचारतात, हे काय? देवघराचा खांब का? असो.

एक शेवटची सूचना, कारण ही कोणी सांगत नाही. काही महिन्यांनी सुतळीच्या चिंध्या होतात, खांब भयंकर दिसायला लागतो आणि घरातल्या नीटनेटक्या माणसाला तो फेकावासा वाटतो. फेकू नका. त्या चिंध्यांमध्येच मांजराची सही आणि वास आहे, म्हणून तर ते तिथे येतं. सुतळी बदलायची तर अर्धी बदला, अर्धी जुनी राहू द्या, आणि नव्या भागावर सही झाली की मग उरलेली.

आमच्याकडे यंदा उन्हाळ्यात ती वेळ आली. मी आलो तेव्हा पायरीवर सुतळीचं बंडल वाळत घातलेलं दिसलं. आईला विचारलं, कोणी आणली? आई म्हणाली, "बाबांनी. मंगळवार पेठेत गेले होते. पन्नास मीटर पुरतात ना रे, म्हणून तुला फोन करणार होते. मग म्हणाले, साठच घेतो."